वाचकांचे प्रश्न : बंद चिरेखाण निसर्गासाठी राखताना

जांभा दगडाचे चिरे काढून बंद पडलेल्या खाणी राखण्याविषयी कोकणातून आलेली पत्रं या वेळी घेतली आहेत.

आमच्या गावची चिरेखाण बंद आहे. यंदा तळावर माती टाकून झाडं लावायचा बेत आहे. कोणती लावावीत? – एक वाचक, राजापूर तालुका

आधी एक पावसाळा नुसतं पाहा. खाणीचा तळ म्हणजे उघडा कातळ, आणि कातळावर जे उगवतं त्यातलं बरंचसं मातीत टिकत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गुडघे टेकून तळ न्याहाळा. पाणी झिरपतं तिथे सीतेची आसवे, गेंद किंवा दवबिंदू या इवल्या वनस्पती दिसल्या, तर त्या जागेवर घमेलंभरसुद्धा माती किंवा शेणखत टाकू नका. दवबिंदूच्या पानावर केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. त्यावर टेकलेलं चिलट सुटत नाही. सीतेच्या आसवांच्या ओल्या चिखलातल्या तंतूंवर बारीक पिशव्या असतात, त्या पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. कातळावर नत्राचा तुटवडा, म्हणून ही सगळी धडपड. खत पडलं की गवत माजतं आणि ही इवलीशी झाडं त्याच्या सावलीत संपतात.

झाडं हवीतच, पण ती कडेला आणि खाण उघडताना काढलेल्या मातीच्या ढिगांवर. तळात खड्डा पाडून लावलेलं रोप बहुधा मरतं. जांभा उघड्यावर कठीण होत जातो. खड्ड्यात पावसाचं पाणी तुंबतं, मुळं कुजतात, आणि वाचलंच तर एप्रिलमध्ये तापल्या कातळात सुकतं. ढिगावर २ फूट लांब-रुंद-खोल खड्डे मे महिन्यात घ्या, पहिला चांगला पाऊस मुरला की रोपं लावा. करंज, जांभूळ, ऐन, किंजळ, उंबर आणि खाली करवंद, तोरण, दिंडा. ऑस्ट्रेलियन अकेशिया फुकट मिळाली तरी नको. तिचा पाला लवकर कुजत नाही, जाड थर साचतो, आणि वणवा लागला की तोच पेटतो. रानमोडी फुलायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. नुसती कापली तर ती पुन्हा फुटते.

खाणीतलं पाणी फेब्रुवारीपर्यंत आटतं. तळाला प्लास्टिक अंथरावं का? – एक वाचिका, देवगड

नको. आटणारं डबकं बेडकांना हवं असतं: मासे टिकत नाहीत, त्यामुळे अंडी आणि बेडकीची पिल्लं वाचतात. पाणी बारमाही झालं की कोणीतरी चिलापी मासे आणून सोडतंच, आणि मग बेडकांची वीण खुंटते. गुरापाखरांसाठी उन्हाळ्यात पाणी हवं असेल, तर खाण जांभ्याखालच्या शेडीपर्यंत कुठे खोल गेली आहे ते शोधा. ती चिकणमाती पाणी धरते. तेवढ्या एका कोपऱ्यातला गाळ मे महिन्यात काढा, बाकी तळाला हात लावू नका.

डासांसाठी गप्पी मासे सोडायला सांगतात. सोडावेत का? – दापोलीहून

गप्पी मासे बेडकांची अंडी आणि लहान पिल्लंही खातात. राखलेल्या डबक्यात डासांच्या अळ्यांवर चतुरांच्या अळ्या आणि पाणकिडे असतातच. डेंग्यूचा डास मुख्यतः साचलेल्या लहान पाण्यात वाढतो. त्यामुळे खाणीत फेकलेले टायर, बाटल्या, ताडपत्र्या आधी बाहेर काढा. काढताना बूट आणि काठी हवीच. जांभ्याच्या चिपांखाली फुरसं असतं. उघड्या हाताने दगड उलटू नका, काठीने उलटलेला तसाच परत ठेवा.

गुरं पडतात, पोरं काठावर जातात. भिंती तोडून उतार करावा का? – एक ग्रामपंचायत सदस्य, संगमेश्वर तालुका

सगळ्या तोडू नका. मातकट भिंतीत वेडा राघू आणि खंड्या बिळं करतात, खडकाच्या कपारीत शृंगी घुबड बसतं. एकच बाजू निवडा, जिथे बिळं नाहीत. तिथे ३ मीटर खोलीला निदान ९ मीटर लांबीचा उतार करा, म्हणजे पडलेलं जनावर चढून येईल. नुसती माती ओतली तर पहिल्याच पावसात वाहून तळ्यात जाते. खाली चिऱ्याचे तुकडे, वर माती, आणि दर पाच-सहा फुटांवर आडवी चिऱ्याची ओळ घाला. काम पावसाळा संपल्यावर लगेच उरका, कारण पुढे पक्ष्यांची वीण सुरू होते.

बाकी काठाला ४ फुटी गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, पुरतो, पण तो खाणीच्या काठापासून निदान २ मीटर मागे, जमिनीच्या बाजूला. काठाखालचा भाग पोखरलेला असतो आणि पावसात तोच ढासळतो. गडग्याच्या तळाशी पाण्याला मोऱ्या ठेवा, नाहीतर तुंबलेलं पाणी गडगाच ढकलतं. बाहेरच्या अंगाला १० फुटांचा जाळपट्टा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, शेतातल्या भाजावळीच्या (पालापाचोळा जाळण्याच्या) आधी काढून घ्या.

याला सरकारी संरक्षण मिळतं का? – मालवणहून

आधी सातबारा पाहा. जमीन खासगी किंवा गावाची असेल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या समुदाय राखीव क्षेत्राची वाट आहे. दुसरी वाट २००२ च्या जैवविविधता कायद्याची: त्यात राज्य शासन जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. दोन्हींसाठी आधी ग्रामसभेत चर्चा करून ठराव घ्या, आणि खाणीतल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत करून घ्या. पहिल्या पावसाळ्यातली तुमची पाहणी तारखा आणि फोटोंसह लिहिलेली असेल, तर ती इथेच कामी येते.