सह्याद्रीत गड न चढता, गावागावांतून दोन-तीन दिवस चालत जाता येईल अशी वाट आहे का?

तुम्ही ठाण्यात राहता, सोबत ६२ वर्षांचे बाबा आहेत, त्यांना चालायची सवय आहे पण उतरताना गुडघे दुखतात. जंगल हवं, जुनी खेडी हवीत, थोडा इतिहास हवा आणि गर्दी नको, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर नाणेघाट. पण लोक करतात तसा नाही. वैशाखऱ्यातून घाट चढायचा आणि मागे न फिरता घाटघर, पूर, चावंड असं करत पायी जुन्नर गाठायचं.

नाणेघाटात येणारे बहुतेक जण एकतर जुन्नरकडून गाडीने थेट माथ्यावर येतात, नाहीतर वैशाखऱ्यातून चढतात, गुहेत डबा खातात आणि त्याच वाटेने खाली उतरून संध्याकाळी कल्याण गाठतात. मला या दोन्हीत काहीतरी अर्धवट वाटतं. हा घाट कुणी देखावा बघायला खोदलेला नाही. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल देशावर जुन्नरला आणि पुढे पैठणला न्यायचा, म्हणून सातवाहनांच्या काळात ही वाट घडवली. बैलांचे तांडे जिकडे जात होते तिकडेच आपणही गेलं, तर त्या घाटाला अर्थ येतो.

बाबांच्या दृष्टीने दुसरा फायदा असा की इथे एकदाच चढायचं आहे. एका दिवसात चढून उतरलात तर गुडघ्यांचा खरा निकाल उतारावर लागतो, तोही मोठ्या, झिजलेल्या दगडांवर. जुन्नरकडे निघालात तर तो उतार लागतच नाही. माथ्यावरून पुढचा प्रदेश कुकडीच्या खोऱ्याबरोबर हळूहळू खाली येतो.

पहिला दिवस: कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी कुठलीही एसटी पकडा. मुरबाड, टोकावडे मागे टाकलं की वैशाखरे येतं. गावाच्या थोडं पुढे महामार्गाला लागूनच वाट जंगलात शिरते. सुरुवात सपाट आहे. एक ओढा ओलांडावा लागतो, मग सागाची आणि इतर पानगळीची झाडी आणि मग चढ. शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्यांची जुनी बांधणी अजून शाबूत आहे. रमतगमत तीन तास धरा, बाबांसोबत असाल तर चार. सकाळी लवकर निघा, कारण नऊनंतर कोकणातला दमटपणा घाम काढतो.

गुहा माथ्याच्या जरा खाली आहे. तिथे घाई करू नका. तिन्ही बाजूंना बसायला दगडी ओटे आहेत. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेला नागनिकेचा लेख आहे. पहिल्या सातकर्णीची ही राणी. लेखाच्या सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि लोकपालांना वंदन आहे, पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दक्षिणेची जंत्री: किती गाई, किती घोडे, किती कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांमध्ये इथल्या अंकांची गणना होते, म्हणजे गणिताचे अभ्यासकही या भिंतीपाशी येतात. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आणि राजकुमारांचे पुतळे होते. आता वर नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा, मधली माणसं गेली. वाटसरूंनी थांबायच्या जागी राजघराण्याने आपली चित्रं आणि पराक्रम मांडून ठेवले, हे मला फार हुशारीचं वाटतं. चढून दमलेला व्यापारी बसणार इथेच, आणि बसला की वाचणार हेच. आजच्या टोलनाक्यांवरच्या होर्डिंगांचा पूर्वजच म्हणा.

काही ग्रुप या गुहेत मुक्काम करतात, चूल पेटवतात. तुम्ही करू नका. धुराने भिंती काळ्या होतात, आणि वर घाटघर हाकेच्या अंतरावर नसलं तरी चालत तासाभरात येतं.

गुहेनंतर कातळातली अरुंद नळी लागते, तिच्या वरच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं सगळे सांगतात. डावी-उजवीकडे पाण्याची खोदीव टाकी आहेत. पुढे नानाचा अंगठा नावाच्या कड्यावर जाऊन कोकणात डोकावून या, पण अगदी टोकावर नाही. दक्षिणेला जीवधन गड आणि त्याच्या बाजूचा वानरलिंगीचा सुळका दिसतो. जीवधन चढायचा मोह टाळा. तो वेगळ्या दिवसाचा विषय आहे आणि बाबांसाठी तर नाहीच.

मुक्काम घाटघरला. आधी फोनवर ठरवून गेलात तर घरगुती राहायची-जेवायची सोय होते: भाकरी, पिठलं, या भागातला भात. इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. भातशेती पावसावर, आणि रोकड पैशासाठी हिरडा. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा झाडावरून काढून वाळवून विकतात. त्या दिवसांत अंगणं हिरड्याने भरलेली असतात. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या हिरड्याच्या झाडांची मोठी हानी केली, त्याबद्दल अजूनही लोक बोलतात. जेवताना हा विषय काढा. गडांच्या गोष्टींपेक्षा हे बोलणं जास्त रंगतं, असा माझा अनुभव.

दुसरा दिवस: घाटघर ते पूर आणि चावंडचा पायथा. इथे खरं सांगायला हवं: सगळी वाट जंगलातून नाही. बराच भाग डांबरी रस्त्याने आहे, मधेमधे बांधावरून आणि झाडीतून जाणाऱ्या पायवाटा रस्त्याचे वळसे कापतात. त्या नकाशावर शोधू नका, गुरं चारणाऱ्या कुणालाही विचारा. वाहनं तशी तुरळक असतात.

पूरमध्ये कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, अंगभर नक्षीकाम. कुकडी नदीचा उगम इथला. पुढे हिच्यावर माणिकडोहचं धरण आहे, कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक, आणि ते पाणी पार नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा-कर्जतपर्यंत जातं. उगमाच्या अंगाला मात्र उन्हाळ्यात विहिरी आटतात. चालत गेलं की हा विरोधाभास डोळ्यांना दिसतो. गाडीतून फक्त जलाशयाचा निळा पट्टा दिसतो आणि छान वाटतं.

चावंड हा एकच गड मी सुचवेन, तोही बाबांना पायथ्याच्या चावंडवाडीत चहा पीत बसायला आवडणार असेल तरच. चढ तासाभराचा, पण कातळातल्या पायऱ्यांचा एक टप्पा नाजूक आहे; १८१८ मध्ये इंग्रजांनी गड घेताना त्या मोडल्या, आता रेलिंग आहे. वर सात टाक्यांचा समूह आहे. अहमदनगरच्या निजामशाहीतला तान्हा वारस बहादूरशहा याच गडावर कैदेत होता, आणि त्याच्यासाठी चांदबिबी लढली.

तिसरा दिवस आपटाळेमार्गे जुन्नर. हा टप्पा सगळ्यात कमी देखणा. रस्ता रुंद होतो, बागायत सुरू होते. कंटाळा आला तर सरळ एसटीत किंवा जीपमध्ये बसा, कुणी गुण कापणार नाही. बिबट्याची भीती लोक जंगलात बाळगतात, पण जुन्नर तालुक्यात त्याचा वावर उसाच्या शेतांत जास्त. म्हणून या भागात अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा.

जुन्नरमध्ये अर्धा दिवस हाताशी ठेवा. आजूबाजूच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. लेण्याद्रीला गर्दी असते, तुळजा लेण्यांत शांतता. इथल्या शिलालेखांत यवनांची, म्हणजे ग्रीकांकडच्या लोकांची, दानं नोंदलेली आहेत. इरिल नावाच्या एकाने पाण्याची दोन टाकी खोदून दिली. तो बहुधा बंदराकडूनच आला असेल, आणि मग तुम्ही आलात त्याच घाटाने.

दिवस निवडताना ऑक्टोबरची अखेर ते जानेवारी ठरवा. पावसाळ्यात नाणेघाटात उलट्या धबधब्यासाठी शनिवार-रविवारी जत्रा भरते आणि पायऱ्या निसरड्या होतात. मार्चपासून वाट तापते. प्रत्येकी तीन लिटर पाणी वैशाखऱ्यातूनच भरून घ्या, बाबांना काठी द्या. परतायला जुन्नरहून माळशेजमार्गे कल्याणच्या एसटी आहेत. शेवटची गाडी किती वाजता सुटते ते पोहोचल्या पोहोचल्या स्थानकावर विचारून ठेवा.