चावीवालीची जादू : नव्या कादंबरीकाराला पत्र

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचा खर्डा सावकाश वाचून काढला. मुंबईच्या पाणीखात्यातील एका चावीवाल्याची, म्हणजे लोखंडी चावीने वाहिन्यांचे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कामगाराची, मुलगी वडिलांच्या निधनानंतर अनुकंपा तत्त्वावर कामाला लागते आणि रोजचे व्हॉल्व्ह उघडता-मिटता तिला शहराखालच्या एका अद्भुत जगाचा सुगावा लागतो, ही कल्पना मला मनापासून आवडली. डबेवाल्यांकडे न वळता तू हे काम निवडलेस, हेही चांगले झाले. डबेवाल्यांविषयी इतके लिहून झाले आहे की त्यांच्याभोवती नवे गूढ उभे करणे आता कठीण आहे; चावीवाल्याला मात्र त्याच्या विभागाबाहेर कोणी ओळखतही नाही.

तरीही एका बाबतीत मी तुला आग्रहाने अडवणार आहे. सहाव्या प्रकरणात नायिकेला माळ्यावरच्या ट्रंकेत ताम्रपट सापडतो आणि आपले घराणे जलमंत्र जाणणाऱ्यांचे आहे, वडिलांनी पालिकेची नोकरी केवळ लोकांच्या नजरेआड राहण्यासाठी धरली होती, असे तिला कळते. हे वाचताच आधीच्या पाच प्रकरणांत तू जे काम इतक्या जीव लावून रंगवलेस, ते सारे खोटे पडते. पहाटेची पाळी, चिखलात उतरणे, खांद्यावरची ती लांब लोखंडी चावी, वस्तीतल्या बायकांची बोलणी हे सगळे जर एका मांत्रिकाचे सोंग असेल, तर वाचकाने त्याची किंमत का करावी? तो ताम्रपट काढून टाक. नायिकेची शक्ती रक्तातून आलेली नसावी, ती कामाने तिच्या हातात उतरलेली असावी. जन्माने विद्या मिळाल्याच्या कथा आपल्या समाजाने पुष्कळ ऐकल्या आहेत आणि त्या कथांनी कोणाला विहिरीपासून दूर ठेवले, हेही आपल्याला ठाऊक आहे. पाण्यावर लिहिणाऱ्या मराठी लेखकाला महाडचे १९२७ साल विसरून चालणार नाही.

मग जादू ठेवायची कुठे? त्यासाठी हे काम नीट पाहावे लागेल. मुंबईच्या बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच येते आणि ते येण्यासाठी त्या त्या विभागातले शेकडो व्हॉल्व्ह ठरल्या वेळी माणसाच्या हातांनी उघडावे आणि मिटावे लागतात. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे फिरवला म्हणजे टेकडीवरच्या शेवटच्या नळापर्यंत दाब पोहोचेल, हे कागदावर असतेच असे नाही. जुन्या वाहिन्यांची पुष्कळशी माहिती काम करणाऱ्यांच्या आठवणीतच राहिलेली असते. गळती शोधणारे कामगार तर रात्री, रहदारी ओसरल्यावर निघतात, लोखंडी दांड्याचे एक टोक वाहिनीवर किंवा रस्त्यावर टेकवतात आणि दुसरे कानाला लावून जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकतात. यंत्रे आली तरी हा दांडा गेलेला नाही. ज्याला ऐकता येते त्याला नेमके काय ऐकू येते, हे त्याला विचारले तर तो फार तर ‘इथे आहे’ एवढेच म्हणेल.

तुझी जादू या ‘इथे आहे’पाशी सुरू व्हावी. जिथे कामगाराचे कसब त्याच्या स्वतःच्याही शब्दांत मावत नाही, तिथून एक पाऊल पुढे टाकलेस, तर वाचक विश्वास ठेवील, कारण तिथवर तू त्याला खऱ्या वाटेने आणलेले असेल. नायिका पहिले काही महिने केवळ खड्खड् ऐकते, मग तिला वाहते पाणी आणि झिरपते पाणी वेगळे कळू लागते, मग जुन्या बिडाच्या वाहिनीचा आवाज पोलादी वाहिनीहून वेगळा लागतो, आणि एका रात्री दांड्याच्या टोकाशी कोणीतरी बोलत असते. या चार पायऱ्यांपैकी पहिल्या तीन सावकाश लिही. चौथीला फार तर अर्धे पान दे.

जादूचे नियमही तुला कुठून उसने आणायला नकोत, पाणीपुरवठ्यानेच ते घालून दिलेले आहेत. मुंबईला दररोज मिळणारे पाणी ४,००० दशलक्ष लिटरच्या आसपास असते आणि ते मागणीपेक्षा कमी पडते. म्हणजे एका वस्तीचा व्हॉल्व्ह जास्त उघडला की दुसरीकडचा दाब उतरणारच. तुझ्या खर्ड्यात नायिका नवव्या प्रकरणात मंत्र पुटपुटते आणि कोरड्या चाळीत रात्रभर पाणी येते. ते कोणाचे पाणी होते, हे तू लिहिलेले नाहीस. ते लिही. त्या रात्री कुणाच्या तरी हंड्यात पाणी आले नसणार, आणि सकाळी ती बाई नायिकेच्याच समोर येऊन उभी राहायला हवी. चमत्काराला किंमत नसेल तर तो फुकटचा होतो आणि तुझ्या कथेतला ताण निघून जातो.

ही किंमत शहराच्या हद्दीपर्यंतच थांबवू नकोस. विहार आणि तुळशी हे तलाव मुंबईच्या हद्दीत आहेत, पण त्यांचा वाटा अगदी थोडा. बाकीचे बहुतेक सारे पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या डोंगरांतून शंभरेक किलोमीटर वाहिन्यांतून येते. तानसाचे धरण १८९२ सालचे. ज्या शहापूर तालुक्यातून एवढे पाणी शहराकडे जाते, तिथल्या अनेक आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मी तुझ्या जागी असतो तर दांड्यातून येणारा तो आवाज त्या पाड्यावरचा ठेवला असता. त्याने नायिकेला आशीर्वाद देऊ नये, शापही देऊ नये. त्याने फक्त विचारावे की तुमच्याकडे आज पाणी किती वाजता येते.

तुझ्या टिपणांत साती आसरांचा उल्लेख आहे आणि तो पाहून मला फार आनंद झाला. विहिरीच्या किंवा नदीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड मांडून ज्यांना हळदीकुंकू आणि दहीभात दिला जातो, त्या जलदेवता मराठी शहरी अद्भुताला हाताशीच आहेत, आणि मुंबईला पाणी देणारे तलावही सातच आहेत. पण हा मेळ वाचकासमोर आयता ठेवू नकोस. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा, मग तानसा. अभियंता मोडक यांचे नाव मिळालेले मोडकसागर गेल्या शतकाच्या मध्यावरचे, नंतर ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा. सातवे मध्य वैतरणा आले ते थेट २०१४ साली. म्हणजे कित्येक वर्षे तलाव सहा होते आणि आसरा सात. तोवर सातवी कुठे होती? हा प्रश्न तुझ्या कथानकाचा कणा होऊ शकतो. ती शहरातल्याच एखाद्या बुजवलेल्या विहिरीत राहिली असेल का? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिवतापाच्या भीतीने मुंबईतल्या पुष्कळ विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर टिकली, पण ती पारशी समाजाची पूज्य जागा आहे आणि तिथे आपली आसरा नेऊन बसवणे बरे दिसणार नाही. नाव नसलेली, रस्त्याखाली गेलेली एखादी विहीर घे. नायिकेच्या वडिलांना तिची जागा ठाऊक होती आणि त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती, एवढे पुरे आहे. वारसा म्हणून ताम्रपटापेक्षा ही माहिती किती तरी मोलाची.

जादू लपवायची कशी, याचा उत्तम वस्तुपाठ आपल्याकडे पैठणच्या कथेत आहे. श्रीखंड्या नावाचा पोऱ्या एकनाथांच्या घरी बारा वर्षे गोदावरीचे पाणी कावडीने वाहत राहिला आणि तो प्रत्यक्ष पांडुरंग आहे, हे घरात कोणालाच कळले नाही. द्वारकेहून आलेल्या भक्ताने विचारले तेव्हा ते उमगले आणि तोवर तो निघून गेलेला होता. तो रांजण पैठणला आजही दाखवतात आणि नाथषष्ठीच्या सोहळ्यात भाविक त्यात पाणी ओततात. या कथेत बारा वर्षांत एकही चमत्कार घडत नाही, रांजण भरतो तो खेपा घालूनच. जनाबाईच्या जात्यापाशी बसणारा देवही दळणच दळतो. तुझ्या खर्ड्यात प्रकाशाचे लोळ आणि निळ्या ज्वाळा ठिकठिकाणी आहेत. त्या कमी कर. ज्या रात्री सर्वांत मोठी गोष्ट घडते, त्या रात्री बाहेरून पाहणाऱ्याला एक मुलगी रस्त्यात वाकून चावी फिरवताना दिसली पाहिजे, आणखी काही नाही.

खलपुरुषाविषयी थोडेच लिहितो. काळे कपडे घालणारा तांत्रिक जाऊ दे. सार्वजनिक वाहिनीला चोरून मोटर लावून शेजाऱ्यांचा दाब ओढणारा माणूस तुला कोणत्याही गल्लीत मिळेल, आणि त्याचे कसबही खरेच असते. नायिकेला जे ऐकू येते ते त्यालाही ऐकू येत असेल, तर सामना बरोबरीचा होईल.

भाषेचे एक सांगतो. पाणीखात्याच्या चौकीतली माणसे कोकणातली, घाटावरची, उत्तरेकडची अशी मिसळलेली असतात आणि त्यांच्या तोंडी ‘झडप’ येत नाही, ‘व्हॉल्व्ह’च येतो, तू संवादांत केलेले शुद्धीकरण परत घे. निवेदन प्रमाण भाषेत असू दे, पण जादूसाठी संस्कृत शब्दांची रांग लावू नकोस. पगाराची तारीख, कंत्राटी कामगाराला न मिळालेले गमबूट आणि मुकादमाची हजेरी यांचे उल्लेख शेवटच्या प्रकरणापर्यंत चालू ठेव. नायिकेला सातवी आसरा भेटल्यानंतरही तिला दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी लावायची असते.

आता पुढचे काम. सगळी कादंबरी एकदम उलथून टाकू नकोस. आधी सहावे प्रकरण ताम्रपटाशिवाय लिही, मग नवव्यात त्या रिकाम्या हंड्याच्या बाईला आण, आणि ही दोन प्रकरणे पाणीखात्यात आयुष्य घालवलेल्या एखाद्या निवृत्त माणसाला बसून वाचून दाखव. जादू त्याला पटली की नाही, हे विचारू नकोस; फेरे, वेळा आणि दाब बरोबर आहेत का, ते विचार आणि तो जे दुरुस्त करील ते लिहून घे. त्या दुरुस्त्यांसह दोन्ही प्रकरणे मला पाठव, मी लगेच वाचीन.

कळावे, लोभ आहेच.

तुझा हितचिंतक