टक्के गेममध्ये नाही, 2 बदामवर जातात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्लबात बरीच वर्षं ब्रिज खेळलात, आता बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाइन) रात्रीच्या 12 डावांच्या मॅचपॉइंट टूर्नामेंटला बसता, जिथे प्रत्येक डावात किती टेबलांना मागे टाकलं एवढंच मोजतात. गेम (मोठ्या बोनसच्या बोली) सुटत नाहीत, स्लॅमही (त्याहून मोठ्या) सापडतात, तरी निकाल 45 टक्क्यांच्या आसपास अडकतो. नमुना म्हणून 22 टक्क्यांचा एक डाव दिलात आणि विचारलंत, "10 गुणांवर मी बोलणार तरी काय?"

तुमची पानं अशी होती (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1, असे 10 गुण):

इस्पिक: राजा, गुलाम, 7, 4
बदाम: 8, 3
चौकट: एक्का, 10, 6, 2
किलवर: राणी, 7, 5

दोन्ही बाजू नॉन-व्हल्नरेबल, म्हणजे दंड आणि बोनस साधे, वाढीव नाहीत. उजवीकडच्याने 1 बदाम उघडला, तुम्ही पास. डावीकडून 2 बदाम, भिडू पास, उजवीकडचाही पास. मग तुम्ही पास केलात आणि बोली संपली. त्यांचे बरोबर 8 हात (ट्रिक) झाले, 2 च्या बोलीला लागतात तेवढेच, तुम्हाला उणे 110.

पहिला पास मला मान्य आहे. काही जण त्या पानांवर तिथेच डबल देतील. मी देणार नाही. दुसरा पास मात्र मॅचपॉइंटमध्ये चालत नाही. तिथे टेकआउट डबल, म्हणजे भिडूला त्याचा रंग बोलायला लावणारं डबल, द्यायचं, आणि तेही झटकन.

कारण सांगतो. उघडणारा 2 बदामवर थांबला, म्हणजे त्याच्याकडे मोठी पानं नाहीत. दुसऱ्याने नुसतं 2 पर्यंत वाढवलं, म्हणजे त्याचेही 6 ते 9. दोघांचे मिळून साधारण 20 धरा. मग आपल्याकडेही 20 च्या आसपास आहेत, त्यातले 10 तुमच्या हातात, उरलेले 10 भिडूकडे. एवढे गुण असून भिडू गप्प का बसला? बहुधा त्याच्याकडे 3 बदाम आणि सपाट पानं असल्यामुळे त्याला बोलायला जागा मिळाली नाही. बदामाची दुक्कल तुमच्याकडे आहे, तेव्हा बोलायची जबाबदारीही तुमची.

आता रंग मोजा. त्यांचे बदाम 8 असतील तर आपल्या दोघांच्या 26 पानांत बदाम 5, बाकी तीन रंगांची पानं 21. तीन रंगांत 21 पानं बसवताना 8 पानांचा एकही फिट (दोघांचा मिळून लांब रंग) नको असेल, तर ती बरोबर 7-7-7 च पडायला हवीत. दुसरी कुठलीही वाटणी आली की 8 चा फिट आहेच. आणि त्यांचे बदाम 9 असतील तर आपली पानं 22 होतात, मग 8 चा फिट टाळताच येत नाही. समोरचे एका रंगात जमले की आपलंही कुठेतरी जमलेलं असतं. ते शोधायचा रस्ता म्हणजे हे डबल.

आणि शोधताना फसलो तर? 2 इस्पिक झाला तर अधिक 110. एक डाऊन, म्हणजे बोलीपेक्षा एक हात कमी, उणे 50. दोन डाऊन, उणे 100. हे तिन्ही निकाल उणे 110 पेक्षा चांगले! डबल पडून, म्हणजे समोरच्यांनी दंड वाढवून, एक डाऊन झालो तरी उणे 100 च. फक्त डबल पडून दोन डाऊन, म्हणजे उणे 300, हा एकच खड्डा आहे, आणि 8 हुकूम असताना दोनच्या पातळीवर अनोळखी जोड्या असं डबल क्वचितच देतात. तुमच्या डावात बाकीच्या टेबलांवर बहुतेक हेच घडलं असणार. 22 टक्के मिळाले ते त्यामुळे. तुमचा डिफेन्स ठीकच होता. तुम्ही उगाच उतारीला दोष देत बसला आहात.

या डबलनंतर दोन पथ्यं आहेत आणि बहुतेक जोड्यांचं घोडं तिथेच अडतं. पहिलं भिडूने पाळायचं. तुम्ही बोललात ते निम्मं त्याच्या खिशातल्या पैशांवर. त्याने आपले 11 गुण पुन्हा मोजून 3 इस्पिकवर उडी मारली तर तेच पैसे दोनदा खर्च झाले. त्याने 2 इस्पिक म्हणावं आणि गप्प बसावं. रोजचा भिडू असेल तर हे आधी बोलून ठेवा. अनोळखी भिडू असेल तर तो उडी मारणार हे गृहीत धरूनच डबल द्या, आणि 2 नो ट्रम्प (हुकमाविना खेळ) म्हणजे दोन छोटे रंग (चौकट, किलवर) वगैरे भानगडी त्याच्याबरोबर करू नका.

दुसरं पथ्य तुमचं. समोरचे 3 बदामवर गेले की आपलं काम झालं. आता 3 इस्पिक नाही. फ्रान्सच्या ज्याँ-रेने व्हेर्न यांनी 1960 च्या दशकात मांडलेला आणि पुढे अमेरिकेच्या लॅरी कोहेन यांनी लोकप्रिय केलेला एकूण हातांचा नियम इथे कामाला येतो: दोन्ही बाजूंनी आपापल्या हुकमात खेळून होणाऱ्या हातांची बेरीज साधारणपणे दोन्हींकडच्या हुकमांच्या बेरजेएवढी असते. इथे 8 आणि 8, बेरीज 16. त्यांचा 3 बदाम झाला, म्हणजे 9 हात, तर आपले 7. तिथे 3 इस्पिकला डबल पडलं की उणे 300. त्यांचे 8 च होणार असतील तर पास करून अधिक 50 मिळत होते, ते घालवून आपणच उणे 50 वर. हा नियम सरासरीचा आहे, एखाददुसऱ्या हाताने चुकतो. पण 8 हुकमांवर 2 पर्यंत आणि 9 हुकमांवर 3 पर्यंत भांडायचं, एवढं त्यातून पक्कं घ्या.

हे सगळं नॉन-व्हल्नरेबल असताना. व्हल्नरेबल असलात तर हात आखडता घ्या, कारण तिथे दोन डाऊन म्हणजे डबल न पडताही उणे 200, आणि एक डाऊन डबलसकट तेवढेच. समोरच्यांच्या पार्ट स्कोअरला (गेमखालच्या बोलीला) 110 किंवा 140 मिळत असताना 200 देणं म्हणजे बॉटमच, सगळ्या टेबलांत तळाचा निकाल. समोरच्यांचा फिटच नसेल तरीही बोलू नका. 1 बदाम, 1 इस्पिक, 2 चौकट, पास अशी बोली झाली तर ते चाचपडत आहेत. त्यांना जमलं नाही म्हणजे आपल्यालाही बहुधा जमलेलं नाही. तिथे पास करून त्यांना त्यांच्या हालात सोडावं.

उलट बाजूही बघा. तुम्ही 2 बदामवर आहात आणि समोरच्यांनी 2 इस्पिक म्हणून डोकं वर काढलं. 9 हुकूम असतील तर 3 बदाम बोला, 8 असतील तर थांबा. समोरचे व्हल्नरेबल असतील आणि तुमचे 110 नक्की होणार होते असं पानं सांगत असतील, तर एक डाऊनचे 100 तुम्हाला पुरत नाहीत. डबल देऊन 200 घ्यायला हवेत. असं डबल मधूनमधून अंगलट येतं. येऊ द्या. मॅचपॉइंटमध्ये 670 गेले काय आणि 110 गेले काय, बॉटम एकच असतो.

आयएमपीमध्ये, म्हणजे गुणांचा फरक किती मोठा ते मोजणाऱ्या स्कोअरिंगमध्ये, मात्र हे शेवटचं डबल अजिबात नको. टूर्नामेंटला नाव देताना स्कोअरिंग कुठलं ते बघता का? क्लबात ते वर्षानुवर्षं एकच असतं, ऑनलाइन दर तासाला बदलतं. व्हल्नरेबल असताना 4 इस्पिकचा विचार करा. बोललात आणि झाला तर 620, न बोलता तेच 10 हात केलेत तर 170. फरक 450, म्हणजे 10 आयएमपी. बोललात आणि एक डाऊन झालात तर उणे 100, खाली थांबला असतात तर अधिक 140. फरक 240, म्हणजे 6 आयएमपी. 10 कमवायला 6 लावायचे, तर 38 टक्के शक्यता असली तरी गेम बोलायचा. नॉन-व्हल्नरेबल असताना हेच गणित 6 ला 5 असं येतं, म्हणजे 45 टक्क्यांच्या थोडं वर. मॅचपॉइंटमध्ये टॉप आणि बॉटम सारख्याच मोलाचे, म्हणून तिथे सरळ निम्मी शक्यता हवी. तुमचे गेम सुटत नाहीत असं म्हणालात. माझा अंदाज, त्यातले थोडे जास्तच बोलले जात असतील.

फील्डबद्दल, म्हणजे टूर्नामेंटातल्या बाकीच्या जोड्यांबद्दल, थोडंच बोलतो, कारण या विषयावर लोक नको तितका खल करतात. खुल्या, फुकट टूर्नामेंटात सगळ्या दर्जाची माणसं असतात. तिथे 3 नो ट्रम्पवर नीट खेळून दोन जादा हात काढलेत तर सरासरीच्या वर गेलातच, त्यामुळे काठावरचा स्लॅम शोधायची गरज नाही, आणि 13 हात नजरेसमोर मोजता येत नसतील तर ग्रँड स्लॅम तर नाहीच. मेजर रंगात (इस्पिक किंवा बदाम) 4-4 फिट सापडला की सहसा मेजरच बोला: 4 इस्पिकवर एक जादा हात मिळून 11 झाले तर 450, नो ट्रम्पवर 10 हात झाले तर 430. दोन्हीकडे 10 च होणार, अशी तुमची 4-3-3-3 वाटणी असेल तेव्हा 430 विरुद्ध 420 हा हिशेब करा.

रोबोट टूर्नामेंटचं गणित वेगळं. तिथे "बेस्ट हँड" लिहिलेलं असेल तर टेबलावरचे सर्वात जास्त गुण तुमच्याकडे असतात, किंवा फार तर बरोबरीत. यातून बरंच काही फुकटात कळतं. 40 गुण चौघांत वाटायचे, म्हणून तुमच्याकडे 10 पेक्षा कमी येऊच शकत नाहीत. तुमच्याकडे 12 असतील तर भिडूकडे फार तर 12, म्हणजे गेमला लागणारे 25 नुसत्या गुणांनी भरणारच नाहीत. लांब रंग आणि फिट असेल तरच पुढे जा. 14 असतील तर उरलेले 26 तिघांत, प्रत्येकी सरासरी 9 च्याही आत. समोर कुणाकडे 18 लपलेले असतील ही भीती मनातून काढून टाका आणि भांडा. रोबोटशी खेळताना बोली देण्याआधी त्या बोलीवर माउस नेऊन तो तिचा काय अर्थ लावणार ते वाचा. तुमच्या क्लबातला अर्थ त्याला माहीत नाही, आणि वाद घालून तो ऐकणारही नाही.

तुम्ही अलर्टबद्दल (बोलीला खास अर्थ असल्याची सूचना) ओझरतं विचारलंत. प्रत्यक्ष टेबलावर तुमच्या बोलीचा अलर्ट भिडू देतो. ऑनलाइन स्वतःच्या बोलीचा अलर्ट स्वतः द्यायचा आणि अर्थ लिहायचा. तो समोरच्या दोघांना दिसतो, भिडूला दिसत नाही. क्लबातून आलेले बरेच जण भिडूची वाट बघत बसतात आणि मग डायरेक्टर (पंच) येतो. अंडू, म्हणजे बोली मागे घेणं, हे चुकून भलतीकडे क्लिक झालं तरच मागायचं, विचार बदलला म्हणून नव्हे. काही टूर्नामेंटांत ते बंदच असतं.

रेंगाळण्याबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण वरच्या डबलशी त्याचा थेट संबंध आहे. समजा 2 बदामवर भिडूने मिनिटभर घेतलं आणि मग पास केला. दारावर कुरियरवाला आला होता की त्याच्याकडे 11 गुण होते, तुम्हाला कळत नाही. पण त्या थांबण्यावरून तुम्ही डबल दिलंत असं दिसलं तर डायरेक्टर निकाल फिरवू शकतो, आणि ते रास्तच आहे. ती माहिती बोलीतून आलेली नाही, म्हणून ती वापरायची नाही. त्यावर उपाय म्हणजे अशा पानांवर दर वेळी डबल द्यायची सवय; सवय असली की भिडू थांबला काय, न थांबला काय, तुमची बोली तीच राहते. इंटरनेट गेलं असेल किंवा उठावं लागलं असेल तर परत आल्यावर तसं चॅटमध्ये चौघांना दिसेल असं लिहा. फक्त भिडूला नाही.

शेवटी, निकाल तपासण्याबद्दल. टूर्नामेंट संपली की तुम्ही कॉम्प्युटरचं डबल डमी विश्लेषण उघडता आणि "4 इस्पिक होत होता, आम्ही 3 वर थांबलो" म्हणून हळहळता, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. कॉम्प्युटर बावन्नही पानं बघून खेळतो. त्याला राणी कुणाकडे आहे ते माहीत आहे. तुम्ही तिथे दोनात एक अंदाज लावणार. बोलीचा न्याय त्यावरून करू नका. त्याऐवजी 35 टक्क्यांखालचे डाव तेवढे काढा, त्यांत गेम-स्लॅमचे किती आणि 110, 140, उणे 50 च्या टापूतले किती ते बघा, आणि दुसऱ्या प्रकारच्या डावांत तुमची शेवटची बोली काय होती ते कागदावर लिहा. मला वाटतं तिथे "पास" हा शब्द रांगेने दिसेल.

तसा दिसला तर त्यातले दोन-तीन डाव इथे टाका. पूर्ण बोली लिहा, आणि कोण व्हल्नरेबल होतं ते विसरू नका. त्याशिवाय 2 बदामवरचा पास बरोबर की चूक हे सांगता येत नाही.