भरती असतानाही बाहेर वाहणारे पाणी

प्रश्न : आम्ही शिडाच्या यॉटने पॅसिफिकमधील तुआमोतू द्वीपसमूहात जाण्याचे योजत आहोत. प्रवाळभिंतीतील अरुंद खिंडीतून लगूनमध्ये, म्हणजे त्या भिंतीने वेढलेल्या आतल्या पाण्यात, शिरताना भरती-ओहोटीच्या तक्त्यावर कितपत विसंबावे? भरती असूनही पाणी बाहेरच वाहते असे काही दर्यावर्दी सांगतात, ते कसे?

उत्तर : ते खरे आहे, आणि त्याचे कारण कळले की तक्त्याची मर्यादाही लक्षात येते. तुआमोतूमध्ये भरती-ओहोटीचा फरक एक मीटरहूनही कमी असतो. परंतु बेटाभोवतीचे प्रवाळाचे कडे, विशेषतः दक्षिणेकडे, ठिकठिकाणी पाण्याच्या पातळीलगत असल्यामुळे त्या बाजूने मोठ्या लाटा येऊ लागल्या की त्यांचे पाणी कड्यावरून आत पडत राहते आणि लगूनची पातळी बाहेरच्या समुद्रापेक्षा उंचावते. या द्वीपसमूहातील रांगिरोआ बेटाच्या विस्तीर्ण लगूनमधील हे पाणी मुख्यतः तिपुता आणि आवातोरू या उत्तरेकडील दोन खिंडींतूनच बाहेर पडते. अशा दिवसांत बाहेर वाहणारा प्रवाह लांबतो, आणि आत येणारा प्रवाह क्षीण होतो किंवा सुरूच होत नाही. म्हणून तक्त्यातील वेळेला आधीच्या दोन-तीन दिवसांतील वारा आणि लाटा यांची जोड द्यावी आणि शेवटचा निर्णय खिंडीबाहेर थांबून, दुर्बिणीतून पाणी पाहूनच घ्यावा. प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध वाहत असेल तर लाटा एकाच जागी उंच उभ्या राहून फुटताना दिसतात. तेथे घाई करू नये.

इंजिनावर सहा नॉटने (तासाला सहा सागरी मैल) चालणारी यॉट पाच नॉटच्या उलट प्रवाहात तासाला जेमतेम एक सागरी मैल पुढे सरकते. तोच प्रवाह पाठीमागून असेल तर ती अकरा नॉटने आत ओढली जाते आणि मध्येच थांबणे किंवा वळणे जवळजवळ अशक्य होते. माझ्या मते हाच प्रसंग अधिक धोक्याचा. पाणी थबकण्याच्या सुमारास, किंवा बाहेर येणाऱ्या प्रवाहाचा जोर ओसरत असताना शिरणे उत्तम, कारण समोरून येणाऱ्या मंद प्रवाहात नाव सुकाणूला नीट दाद देते आणि माघारीची वाटही मोकळी राहते.

दुसरी अट उजेडाची. सूर्य उंच आणि पाठीमागे असावा, पोलराइज्ड चष्मा लावून एक जण डोलकाठीवर चढलेला असावा. गडद निळे पाणी खोल, फिकट हिरवट-निळे वाळूवरचे उथळ, आणि तपकिरी किंवा पिवळसर डाग म्हणजे वर आलेले प्रवाळ. मात्र ढगाची सावली पडली की हे रंग मिसळून जातात, तेव्हा थांबलेलेच बरे. समुद्रातून आत येताना लाल खुणा डावीकडे आणि हिरव्या उजवीकडे ठेवाव्यात. इंजिन दगा देऊ शकते हे धरून शीड उभारण्यास आणि नांगर सोडण्यास सज्ज ठेवावा.

पोहोचायला संध्याकाळ झाली, तर कड्यापासून दूर, मोकळ्या समुद्रात रात्र काढावी. आत शिरल्यावरही प्रवाळाचे सुळके तळापासून थेट पृष्ठभागापर्यंत आलेले असतात आणि ते सगळेच नकाशावर नसतात. त्यामुळे स्वच्छ वाळूत नांगर पडेपर्यंत डोलकाठीवरच्या माणसाला खाली बोलावू नये.