देव ‘दे’ म्हणतो तेव्हा

कापसाचे चुकारे हातात पडले, की आमच्या भागातून माझ्याकडे समुपदेशनासाठी एक तक्रार हमखास येते. बहुतेक वेळा बायकोच नवऱ्याला घेऊन येते. “ह्यायच्या हातात पैसा राहतच नाही. देव सांगते म्हंते, अन् वाटत सुटते.” नवऱ्याची काळजी वेगळी असते. आवाज देवाचा की आपल्याच मनाचा? आणि देवाचा असेल, तर नाही कसं म्हणायचं?

असंच एक जोडपं दारव्ह्याकडून आलं होतं (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. भंडाऱ्याची वर्गणी, शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न, कुणाचा दवाखाना, सगळीकडे पैसे गेलेले. सोसायटीचं कर्ज मात्र ३१ मार्चच्या आत भरायचं राहिलं आणि व्याजाची सवलत बुडाली.

देव बोलतो की नाही, हे ठरवणं माझं काम नाही. मी एवढंच विचारलं, “देल्ल्यावर कसं वाटते?”

“सुटल्यावानी.”

“आनंद होते?”

ते बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसले. “आनंद नाही म्हनता येत, म्याडम. सुटलो, एवढंच.”

इथे माझे कान टवकारले. देणारा खुलतो, सुटतो तो घाबरलेला. घटना आणि त्रास यांच्यामध्ये माणसाचा एक समज उभा असतो आणि तो सापडला की निम्मं काम होतं, असं मी मानते. म्हणून पुढच्या भेटींत एकच धागा धरला: नाही दिलं, तर काय होईल? हो-ना करत एकदाचं बाहेर आलं. एका वर्षी भंडाऱ्याची वर्गणी मागायला आलेल्यांना त्यांनी रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. त्याच आठवड्यात पोरगा तापाने फणफणला. तेव्हापासून हात आखडला की पोराचा चेहरा डोळ्यांसमोर येतो.

बायको हे पहिल्यांदाच ऐकत होती. मला बोलायचा मोह झाला, पण मी तो आवरला, आणि ते शहाणपणाचंच ठरलं. ती म्हणाली, “ताप तं त्या साली अर्ध्या गावाले होता. पाटलाच्या पोराले आपल्याहून जास्त. त्यायनं तं सगळ्यात मोठी वर्गणी देल्ली होती.”

ते तिच्याकडे पाहतच राहिले. मग हसले, डोळे पुसत. ती तेवढ्यावर थांबली नाही. “अन् देव तुमालेच काहून सांगते? कापूस तं मीबी वेचला.”

इतकी वर्षं या खुर्चीत बसून मला याहून नेमका प्रश्न सुचला नसता.

दानाला कमी लेखणारी मी नव्हे. पवनारच्या विनोबांनी १९५१ पासून भूदान मागितलं ते सहावा हिस्सा म्हणून. पाच मुलं असतील तर मला सहावा समजा, म्हणत. घरच्या पाचांना उपाशी ठेवा, असं ते म्हणाले नाहीत. आणि शेंडगावचे गाडगेबाबा तर कर्ज काढून जेवणावळी घालणाऱ्यांना कीर्तनात झोडपायचे. द्यावंसं वाटलं तर एक रात्र जाऊ द्या. खरी प्रेरणा सकाळपर्यंत टिकते; भीतीला मात्र आत्ताच्या आत्ता हवं असतं. ज्याच्या घामाचा पैसा आहे त्याच्याजवळ बोला, आणि सोसायटी, बियाणं, पोरांची फी बाजूला काढून उरलेल्यातून द्या.

मात्र आवाज खरोखर कानाने ऐकू येत असेल, रात्र-रात्र झोप नसेल, बोलणं आणि खर्च दोन्ही आवरत नसतील, तर ते समुपदेशकावर सोडू नका. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

या जोडप्याला ती गरज पडली नाही. सोसायटी यंदा वेळेत भरली. भंडाऱ्याला पैशाऐवजी तुरीची डाळ द्यायची, हे दोघांनी मिळून ठरवलं. किती पायल्या, यावरून मात्र अजून भांडतात.