कुंडीतील केळीची पाने का करपतात?

प्रश्न : खिडकीजवळ कुंडीत लावलेल्या बुटक्या केळीच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळत आहेत. पाणी वाढवावे का?

उत्तर : कृपया घाई करू नये. केळीची रुंद पाने भरपूर बाष्प बाहेर टाकतात, त्यामुळे घरातील कोरड्या हवेत त्यांच्या कडा आधी करपतात. परंतु माती सतत चिखलासारखी राहिली, तर मुळे आणि जमिनीखालील कंद कुजतो, आणि माझ्या मते हाच धोका अधिक गंभीर आहे. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी झाल्यावरच, तळातून वाहून जाईल इतके पाणी द्यावे. तापमान १४ अंश सेल्सियसखाली गेल्यास वाढ जवळजवळ थांबते, तेव्हा पाणी कमी करावे. पानांखाली बारीक जाळी दिसल्यास ती बहुधा लाल कोळी या सूक्ष्म किडीची असते. पाने ओल्या फडक्याने पुसावीत.