आत्याच्या कम्प्युटरला बत्तीस हजारांचा डबा हवा का?

प्रश्न : माझी आत्या, वय ६९, निवृत्त शिक्षिका, साताऱ्याला एकटी राहते. तिचा डेस्कटॉप जुना आहे (सहाव्या पिढीचा आय-थ्री, एक टीबीची हार्ड डिस्क) आणि सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतो. फोटो आणि कागदपत्रं मिळून ७० जीबी भरतात. दुकानदार तिच्या जागी ४८० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, जलद डिस्क) बसवून, विंडोज टाकून ५,५०० रुपये सांगतो. मित्र म्हणतो, त्याच्या जोडीला दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायचा, फाइली साठवायचा डबा) घेऊन त्यात रेड लावून दे, ३२,००० लागतील पण फोटोंची काळजी मिटेल. नॅस नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का?

उत्तर : एसएसडी घ्या, नॅस घेऊ नका. दुकानदाराने सांगितलेला भाव वाजवी आहे. मित्राचा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला तरी तो तुमच्या आत्याच्या घरासाठी नाही.

मित्र म्हणतो त्या रेडमध्ये दोन डिस्कवर एकच गोष्ट एकाच वेळी लिहिली जाते. एक डिस्क गेली तरी दुसरी चालू राहते, एवढाच तिचा फायदा. आत्याने चुकून ‘नातवाचं बारसं’ हा फोल्डर उडवला, तर तो त्याच क्षणी दोन्हीकडून जातो. व्हायरस आला तर दोन्हीकडे येतो, आणि डबा चोरीला गेला तर दोन्ही डिस्क त्यातच असतात. म्हणजे बत्तीस हजार घालूनही फोटोंची वेगळी प्रत हातात राहतच नाही. शिवाय डब्याचा लाल दिवा लागला की फोन तुम्हालाच येणार. तुमचे शनिवार-रविवार हाही खर्चच आहे, तो बिलावर छापलेला नसतो एवढंच.

वेगळी प्रत ठेवण्याचं काम एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क करते. ती साधारण पाच-सहा हजारांत येते. इथे एसएसडी नको, साधी फिरती डिस्कच घ्या: कपाटात वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहण्यासाठी एसएसडी बनलेली नसते. महिन्यातून एकदा, पेन्शन जमा होते त्या दिवशी, ती कम्प्युटरला जोडायची, नव्या फाइलींची प्रत होऊ द्यायची आणि काढून पुन्हा कपाटात ठेवायची. काढून ठेवणं महत्त्वाचं आहे, कारण सतत जोडलेली डिस्क कम्प्युटरसोबतच बिघडू शकते. आत्या हे स्वतः करू शकतील आणि त्यासाठी तुम्हाला फोन लावावा लागणार नाही. घराबाहेरच्या प्रतीसाठी गूगलचा १०० जीबीचा ऑनलाइन साठवणुकीचा प्लॅन पुरेल, वर्षाला १,३०० रुपये. तुमचा स्वतःचा असा प्लॅन असेल तर आत्यांना त्यातल्या ‘फॅमिली’ गटात जोडून घ्या, म्हणजे तोही खर्च वाचेल.

जुनी हार्ड डिस्क दुकानदाराला ‘एक्स्चेंज’मध्ये मुळीच देऊ नका. त्यातून पाच-सातशे सुटतील, पण तिच्यात आत्यांच्या एफडीच्या पावत्या, पॅन आणि पासबुकांचे स्कॅन आहेत. सगळं नीट उतरलंय याची खात्री होईपर्यंत ती घरातच राहू द्या. ज्यांनी अशी प्रत ठेवली नाही आणि नंतर डिस्क उघडून माहिती काढून घ्यावी लागली, त्यांचं बिल सहज पाच आकडी होतं, आणि तरी हमी नसते. एसएसडीची तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटीही नवी डिस्क देते, फोटो देत नाही. बिल मात्र जीएसटीचं आणि त्यावर सीरियल नंबर असलेलंच घ्या.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. नोंदणी केली तर घरगुती वापरकर्त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आत्यांचा सहावीतला आहे. दुकानदार कुठलं विंडोज टाकणार हे आधी विचारा. तो युक्ती करून ११ टाकतो म्हणाला, तर नको म्हणा. थोडक्यात, हा कम्प्युटर लवकरच बदलावा लागणार, म्हणून त्यावर तोच पैसा घाला जो पुढच्या कम्प्युटरबरोबर जाईल. अडीच इंची साटा (केबलने जोडायच्या प्रकारची) एसएसडी उद्याच्या डेस्कटॉपमध्ये बसू शकते, पोर्टेबल डिस्क तर कुठेही चालते. अपडेट बंद झाल्यावर त्या कम्प्युटरवर नेटबँकिंग नको.

हिशोब असा. एसएसडी ५,५००, पोर्टेबल डिस्क सहा हजार धरा, गूगल १,३००. एकूण १२,८००. मित्राचं ऐकलं असतं तर ३७,५०० गेले असते. उरलेले २४,७०० सहा महिन्यांच्या एफडीत टाका. आत्यांच्या नव्या कम्प्युटरचा अर्ध्याहून जास्त खर्च तिथेच निघेल. ईएमआयचा प्रश्न मग उरतच नाही. तसंही ‘नो-कॉस्ट’मध्ये व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बहुतेकदा प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते, आणि रोखीची सूटही हातची जाते.

नवा कम्प्युटर घ्याल तेव्हा खातं आत्यांच्या नावानेच उघडा, तुमच्या ईमेलवर नको. विंडोज ११ बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि ते उघडायची ४८ आकडी किल्ली ज्याचं खातं त्याच्याकडेच राहते. ती कागदावर उतरवून एफडीच्या नॉमिनेशनच्या फाइलमध्ये लावा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी साताऱ्याला जाल, तेव्हा पोर्टेबल डिस्क जोडून चार-पाच फोटो खरोखर उघडतात का, ते पाहून या.